नवा प्रोसेसर, जुना कर्नल: संगणक घेण्याआधी लिनक्स चालेल का, हे कसं तपासायचं

तक्रारी ठरलेल्या असतात. संगणक नवाकोरा, प्रोसेसर नुकताच बाजारात आलेला, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं की पुढच्यापैकी काहीतरी समोर येतं:

- ग्रबचा (संगणक सुरू होताना येणारा) मेनू दिसतो, एंटर दाबलं की पडदा काळा. फक्त ‘सेफ ग्राफिक्स’ निवडलं तरच डेस्कटॉप उघडतो.
- डेस्कटॉप उघडतो, पण पडद्याचा उजेड कमी-जास्त होत नाही, साधा व्हिडिओ लावला तरी पंखा जोरात फिरतो आणि सिस्टिमच्या माहितीत ग्राफिक्ससमोर ‘एलएलव्हीएमपाइप’ लिहिलेलं असतं, म्हणजे चित्राचं काम ग्राफिक्सऐवजी प्रोसेसरवरच चाललेलं असतं.
- इन्स्टॉलरला एसएसडी सापडतच नाही.
- वायफायचं चिन्ह नाही.
- आवाजाच्या सेटिंगमध्ये फक्त ‘डमी आउटपुट’. किंवा स्पीकर वाजतात, पण माइक मुका.
- झाकण लावून बॅगेत ठेवलेला लॅपटॉप गरम निघतो, बॅटरी संपलेली.
- कॅमेरा नाही.

यातली जवळजवळ एकही तक्रार प्रोसेसरच्या गाभ्याची नसते. ६४-बिट एक्स८६ (इंटेल आणि एएमडीच्या पद्धतीचा) प्रोसेसर कितीही नवा असला तरी जुना कर्नल, म्हणजे हार्डवेअर चालवणारा लिनक्सचा मूळ भाग, त्याच्यावर सुरू होतो. अडतं ते त्याच चिपमधल्या ग्राफिक्सवर आणि त्याच्या भोवती बसवलेल्या वायफाय, ध्वनी, कॅमेरा आणि वीजव्यवस्थापनावर. म्हणून ‘हा प्रोसेसर लिनक्सवर चालतो का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘या मॉडेलमधला प्रत्येक भाग माझ्या डिस्ट्रोच्या (उबंटू, डेबियन, फेडोरा यांसारख्या लिनक्सच्या तयार संचाच्या) कर्नलला ओळखता येतो का?’ असं विचारलं तरच कामाचं उत्तर मिळतं.

खालच्या तपासण्या सोप्या आणि फुकटपासून अवघडाकडे जातात. पहिल्या तीन खरेदीआधी घरबसल्या होतात. आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

१. प्रोसेसरचं पूर्ण नाव लिहून घ्या

बाहेरच्या स्टिकरवर विसंबू नका. जाहिरातीत ‘कोअर अल्ट्रा ५’ किंवा ‘रायझन ७’ एवढंच असेल तर काहीच कळलेलं नाही. शेवटच्या अंकांसकट आणि अक्षरासकट नाव हवं, कारण एकाच मालिकेत दोन-तीन पिढ्यांचा माल एकत्र विकला जातो.

एएमडीच्या ७००० मालिकेतल्या लॅपटॉप प्रोसेसरमध्ये तिसरा अंक पाहा. ७५२०यू मध्ये तो २ आहे, म्हणजे आत झेन २ (झेन हे एएमडीच्या गाभ्याच्या पिढ्यांचं नाव). ७७३०यू मध्ये ३, म्हणजे झेन ३. ७८४०यू मध्ये ४, म्हणजे झेन ४. पहिला अंक तिन्हींचा सारखाच. इंटेलकडेही तेच: कोअर ७ १५०यू हे नाव नवं, पण आत रॅप्टर लेक ही आधीचीच पिढी आहे, आणि ती कर्नलला चांगली परिचयाची. उलट कोअर अल्ट्राच्या २०० मालिकेत शेवटी ‘व्ही’ असेल तर तो लूनर लेक, ज्याचं ग्राफिक्स पूर्णपणे नवं आहे. लिनक्स वापरणाऱ्यासाठी ‘नव्या नावाचा जुना चिप’ ही चांगली बातमी असते, हे खरेदीच्या वेळी सहसा कोणी सांगत नाही.

याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट तपासा: प्रोसेसर एक्स८६ आहे की आर्म (स्नॅपड्रॅगन, ॲपलची एम मालिका)? स्नॅपड्रॅगन एक्सच्या लॅपटॉपवर नेहमीची डिस्ट्रोची प्रतिमा (पेनड्राइव्हवर लिहायची फाइल) सुरूच होणार नाही. आर्मची प्रतिमा घेतली तरी त्या विशिष्ट मॉडेलची ‘डिव्हाइस ट्री’ फाइल कर्नलमध्ये असावी लागते, कारण कुठला भाग कुठे जोडलाय हे त्याशिवाय कर्नलला कळत नाही. शेजारचं मॉडेल चालतं म्हणून तुमचंही चालेल, असा हिशेब आर्मवर लागू होत नाही. ॲपलच्या संगणकांवर लिनक्स आणणाऱ्या ‘असाही’ नावाच्या प्रकल्पाचा भर एम१ आणि एम२ वर आहे. कामाचा एकमेव संगणक म्हणून लिनक्ससाठी त्यापुढचा एम मालिकेतला संगणक घेऊ नका.

२. तारखा जुळवा

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे, म्हणून यावर थोडा वेळ घालवा.

साधारण दर नऊ-दहा आठवड्यांनी कर्नलची नवी आवृत्ती येते. इंटेल आणि एएमडी आपले ड्रायव्हर त्यात पाठवतात, बऱ्याचदा चिप बाजारात येण्याआधीच. पण दीर्घ आधाराच्या डिस्ट्रो एक आवृत्ती धरून बसतात आणि तिच्यात फक्त दुरुस्त्या घेतात. चिप नवी आणि धरलेला कर्नल तिच्याआधीचा, की वरची यादी सुरू.

एक उदाहरण पूर्ण पाहू. इंटेलचा मीटिअर लेक १४ डिसेंबर २०२३ ला आला. त्याचं ग्राफिक्स कोणतीही जबरदस्ती न करता चालायला लागलं कर्नल ६.७ मध्ये, म्हणजे जानेवारी २०२४ मध्ये. त्या वेळी डेबियन १२ मध्ये कर्नल होता ६.१. उबंटू २२.०४ चा मूळ कर्नल ५.१५, आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या २२.०४.४ सोबतचा ६.५. तिन्ही ६.७ च्या खालचे. असा लॅपटॉप ६.१ किंवा ६.५ वर सुरू केला की कर्नलच्या नोंदीत एक ओळ दिसते, जिचा अर्थ असा: ‘तुमचं ग्राफिक्स उपकरण ७डी५५ हे कर्नलच्या या आवृत्तीतल्या आय९१५ ला नीट पेलत नाही, तरीही चालवायचं असेल तर आय९१५.फोर्स_प्रोब=७डी५५ द्या.’ हार्डवेअर ठणठणीत असतं. आय९१५ या इंटेलच्या ग्राफिक्स ड्रायव्हरला तो क्रमांक माहीतही असतो. फक्त त्या आवृत्तीत काम अर्धवट असल्याने तो मुद्दाम हात लावत नाही.

तेच पुन्हा लूनर लेकच्या वेळी घडलं. चिप सप्टेंबर २०२४ ची. ‘एक्सई’ हा नवा ग्राफिक्स ड्रायव्हर तिच्यासाठी आपोआप सुरू व्हायला लागला १७ नोव्हेंबर २०२४ च्या ६.१२ पासून. उबंटू २४.०४ चा मूळ कर्नल मात्र ६.८. डेबियनच्या स्थिर आवृत्तीचा मूळ कर्नल ६.१२ झाला तो ऑगस्ट २०२५ च्या डेबियन १३ सोबत.

तर करायचं एवढंच: सध्या वापरता त्या यंत्रावर ‘यूनेम -आर’ चालवा आणि तुमच्या डिस्ट्रोचा कर्नल लिहून घ्या. मग चिप कोणत्या महिन्यात आली ते पाहा. कर्नल चिपच्या आधीचा असेल तर इथेच लाल खूण करा. मूळ कर्नल चिपनंतर दोन-तीन आवृत्त्यांनी आलेला असेल तर पुढे जायला हरकत नाही. अगदी त्याच महिन्यातला असेल तरी थांबा; पहिल्या आवृत्तीत चित्र दिसतं, पण झोप (सस्पेंड), बाह्य मॉनिटर आणि बॅटरी सुधारायला पुढच्या दोन आवृत्त्या जातात.

कर्नलसोबत आणखी दोन गोष्टींचं वय मोजावं लागतं. एक मेसा, कारण ग्राफिक्सचं अर्धं काम कर्नलबाहेर तिथे होतं. दुसरं लिनक्स-फर्मवेअर हे पॅकेज, ज्यात उपकरणांच्या आत चढवायचं छोटं सॉफ्टवेअर असतं. याच्याकडे हमखास दुर्लक्ष होतं. एएमडीच्या ग्राफिक्सला आणि बहुतेक सगळ्या वायफाय कार्डांना सुरू होताना आपल्या फर्मवेअरच्या फाइली लागतात. कर्नल नवा टाकला आणि फर्मवेअर जुनंच राहिलं, तर पडदा काळाच राहतो, आणि लोक कर्नलला दोष देत बसतात.

३. भोवतालचे भाग क्रमांकाने शोधा

मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन लिनक्स-हार्डवेअर.ऑर्ग वर शोधा. तिथे लोकांनी आपापल्या यंत्रांची तपासणी करून चढवलेल्या याद्या असतात, उपकरणाच्या क्रमांकासकट. उबंटूची प्रमाणित यंत्रांची यादी आणि आर्च विकीवरची लॅपटॉपची पानंही पाहा. मॉडेलच्या नावामागचा पिढीचा आकडा जुळतोय ना, याची खात्री करा. तेच नाव, पण एक पिढी मागचं पान वाचून घेतलेला निर्णय नेमका उलटा पडतो.

वायफाय. इथे सर्वाधिक फसगत होते, म्हणून आकडे लक्षात ठेवा. इंटेल एएक्स२१० ला कर्नल ५.१० लागतो, बीई२०० ला ६.५. रिअलटेक आरटीएल८८५२एई ५.१६ पासून, ८८५२बीई ६.२ पासून. मीडियाटेक एमटी७९२५ ६.७ पासून. क्वालकॉमचं डब्ल्यूसीएन७८५० ज्या एटीएच१२के ड्रायव्हरवर चालतं तो ६.३ मध्ये आला. कार्ड बदलून अडचण सोडवायचा विचार असेल तर आधी ते सुटं आहे की बोर्डावर डकवलेलं, ते विचारा. आणि एएक्स२११ सारखं कार्ड एएमडीच्या यंत्रात घालू नका: ते सीएनव्हीआयओ२ पद्धतीचं आहे, त्याचा अर्धा भाग इंटेलच्या चिपसेटमध्येच असतो. खाचेत बसतं, पण चालत नाही.

डेस्कटॉप जुळवणाऱ्यांनी मदरबोर्डवरची तारेची जोडणी पाहावी. रिअलटेकचं ५ गिगाबिटचं आरटीएल८१२६ कर्नल ६.९ पासून चालतं. त्याआधीचा कर्नल आणि अनोळखी वायफाय असं एकत्र आलं तर नेटच नाही, आणि नेट नाही म्हणून नवा कर्नलही उतरवता येत नाही. अशा वेळी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा. ते जवळजवळ नेहमी चालतं.

कॅमेरा. आतून यूएसबीने जोडलेला असेल तर काळजी नाही. इंटेलच्या काही महागड्या पातळ लॅपटॉपमध्ये तो आयपीयू६ या इंटेलच्या चित्रप्रक्रियेच्या भागातून थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. त्याचा मूळ ड्रायव्हर कर्नलमध्ये ६.१० ला आला, पण चित्रावरची प्रक्रिया वेगळ्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. रोज व्हिडिओ कॉल असतील तर असं मॉडेल टाळणंच बरं.

बोटाचा ठसा वाचणारं उपकरण एलआयबीएफप्रिंट या लिनक्सच्या ठसे वाचणाऱ्या सॉफ्टवेअरच्या यादीत क्रमांक असेल तरच चालेल. सुटं ग्राफिक्स कार्ड एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेतलं असेल तर ५७० किंवा त्यापुढचा ड्रायव्हर आणि त्यातली खुली (ओपन सोर्स) कर्नल मॉड्यूलच लागतात. जुनी बंद मॉड्यूल या मालिकेला चालत नाहीत.

४. पेनड्राइव्हवरून वीस मिनिटांची परीक्षा

दुकानात परवानगी मिळाली तर तिथेच, नाही तर परतीची मुदत संपण्याआधी घरी. ८ जीबीचे दोन पेनड्राइव्ह घ्या. एकावर तुमची नेहमीची डिस्ट्रो, दुसऱ्यावर फेडोरासारखी नवा कर्नल देणारी. दोन का? दोन्हीकडचा निकाल शेजारी ठेवला की दोष कशाचा ते लगेच कळतं. तुमच्या डिस्ट्रोत वायफाय नाही आणि फेडोरात आहे, तर प्रश्न फक्त आवृत्तीचा, तो सुटतो. दोन्हीकडे नाही, तर आधारच आलेला नाही. मुदतीच्या आत यंत्र परत करा. प्रतिमा पेनड्राइव्हवर सरळ लिहा, अनेक प्रतिमा एकत्र ठेवणारी साधनं या चाचणीसाठी नकोत. बिघाडाच्या संशयितांत त्यांची भर कशाला?

सुरू झाल्यावर पहिली आज्ञा: एलएसपीसीआय -एनएनके. प्रत्येक उपकरणाखाली दोन ओळी शोधा, ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ आणि ‘कर्नल मॉड्यूल्स’. पहिली असेल तर ड्रायव्हर जोडला गेलाय. फक्त दुसरी असेल तर ड्रायव्हर आहे पण कुठेतरी अडलाय, बहुधा फर्मवेअरवर. दोन्ही नसतील तर कर्नलला ते उपकरण माहीत नाही. चौकटी कंसातला, मध्ये कोलन असलेला क्रमांक टिपून ठेवा. कोलनच्या आधीचा भाग कंपनीचा क्रमांक असतो: ८०८६ इंटेल, १००२ एएमडीचं ग्राफिक्स, १०डीई एनव्हिडिया, १०ईसी रिअलटेक, १४सी३ मीडियाटेक. इंटरनेटवर शोध या क्रमांकाने घ्या, नावाने नाही.

दुसरी: सुडो डीमेसेज, जी कर्नलच्या नोंदी दाखवते, आणि त्यात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधा. ‘डायरेक्ट फर्मवेअर लोड फॉर’ पुढे फाइलचं नाव आणि शेवटी ‘फेल्ड विथ एरर -२’ असं दिसलं तर उणे दोनचा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. मात्र काही ड्रायव्हर फर्मवेअरची सर्वात नवी आवृत्ती आधी मागतात, ती न मिळाल्यास एक पायरी मागची घेतात. तेव्हा एवढी ओळ पाहून घाबरू नका. त्यापुढे ‘लोडेड’ असं आलंय का ते पाहा.

कॅमेऱ्यासाठी एलएसयूएसबी. यादीत कॅमेरा दिसला की तो यूएसबीचा, विषय संपला.

माइकमध्ये एकदा बोलून रेकॉर्ड करा. नुसती पट्टी हलते का ते पाहू नका. रायझन ६००० आणि त्यानंतरच्या कित्येक लॅपटॉपमध्ये आतला माइक सुरू व्हायला त्या मॉडेलचं नाव ड्रायव्हरमधल्या यादीत असावं लागतं. नावं प्रत्येक नव्या कर्नलमध्ये वाढत जातात. स्पीकर चालतात आणि माइक नाही, याचं नेहमीचं कारण हेच.

आता झोप, जी सगळे वगळतात. ‘कॅट /सिस/पॉवर/मेम_स्लीप’ चालवा. उत्तरात ‘डीप’ असेल तर जुनी एस३ झोप (रॅम सोडून जवळजवळ सगळं बंद करणारी) उपलब्ध आहे. फक्त ‘एस२आयडल’ असेल, आणि नव्या लॅपटॉपमध्ये बहुधा तसंच असतं, तर झोपेत प्रत्येक भागाने स्वतःहून वीज सोडायची असते. एकानेही सोडली नाही तर अख्खा लॅपटॉप जागा राहतो. बॅटरीचा टक्का लिहा, पेनड्राइव्ह न काढता झाकण लावा, तासाभराने उघडा. एक-दोन टक्के गेले तर ठीक. पाच-सहा गेले तर रात्रभरात निम्मी बॅटरी जाणार. इंटेलवर याचा पुरावाही मिळतो: कर्नलच्या डीबग भागातल्या पीएमसी_कोअर मध्ये ‘एसएलपी_एस०_रेसिडेन्सी_यूसेक’ नावाची फाइल असते. झोपेआधी आणि नंतर तिच्यातला आकडा वाचा. वाढला नसेल तर यंत्र गाढ झोपेत गेलंच नाही.

५. यंत्र घेऊन झालंय आणि अडलंय

आधी बायोस, म्हणजे यंत्र सुरू होताना चालणारं मूळ सॉफ्टवेअर. विंडोज आत असेल तर हात लावण्यापूर्वी बिटलॉकरची (विंडोजच्या डिस्कच्या कुलुपाची) रिकव्हरी की कागदावर उतरवा. बायोसमध्ये बदल झाला की विंडोज ती मागू शकतं आणि ती नसेल तर डेटा कायमचा बंद होऊ शकतो.

एसएसडी दिसत नसेल तर बायोसमध्ये बहुधा व्हीएमडी किंवा रेड (आरएआयडी) हा डिस्क वेगळ्या पद्धतीने जोडणारा पर्याय चालू असतो. तो बंद करून एएचसीआय किंवा साधं एनव्हीएमई निवडा. फक्त विंडोजही ठेवायचं असेल तर हा बदल करण्याआधी त्याला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये सुरू व्हायला सांगा, नाही तर ते निळ्या पडद्यावर अडकतं.

मग बायोसची नवी आवृत्ती. ‘एफडब्ल्यूयूपीडीएमजीआर गेट-अपडेट्स’ चालवून पाहा. कंपनी एलव्हीएफएस या लिनक्ससाठीच्या फर्मवेअरच्या साठ्यावर फाइली देत असेल तर लिनक्समधूनच अद्ययावत होते. नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांत झोपेचे आणि पंख्याचे दोष इथूनच जातात. चार्जर लावून ठेवा, मध्येच बंद करू नका.

त्यानंतर कर्नल, आणि त्यासोबत फर्मवेअर. उबंटू २४.०४ वर ‘लिनक्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२४.०४’ हे नवा कर्नल देणारं पॅकेज, डेबियनवर बॅकपोर्ट्समधला (स्थिर आवृत्तीसाठी बांधलेल्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातला) कर्नल आणि तिथलीच फर्मवेअर पॅकेजं. इंटेलच्या लॅपटॉपवर ‘डमी आउटपुट’ दिसत असेल तर डेबियनमध्ये ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’ आहे ना, ते पाहा. जुना कर्नल काढू नका; ग्रबमध्ये परतायला वाट हवी. बाहेरून आणलेला मेनलाइन (मूळ प्रकल्पाचा, डिस्ट्रोने न तपासलेला) कर्नल सहीविना असतो, त्यामुळे सिक्युअर बूट चालू असताना तो सुरू होत नाही, आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर त्याच्यासाठी बांधला जाईलच असंही नाही. डिस्ट्रोने दिलेला नवा कर्नल असताना त्या वाटेला जाऊ नका.

एएमडीच्या लॅपटॉपवर बॅटरी लवकर संपते अशी तक्रार असेल तर सीपीयूफ्रीकमधली ‘स्केलिंग_ड्रायव्हर’ फाइल वाचा. तिथे ‘एसीपीआय-सीपीयूफ्रीक’ असेल तर जुनी पद्धत चालू आहे. प्रोसेसरचा वेग सांभाळणारा एएमडी-पीस्टेट हा नवा ड्रायव्हर ५.१७ मध्ये आला, त्याची ईपीपी पद्धत ६.३ मध्ये. बायोसमध्ये सीपीपीसी हा पर्याय बंद असेल तर तो जोडला जात नाही.

कर्नलला द्यायच्या जादा सूचना शेवटी. ‘नोमोडसेट’ ही फक्त डेस्कटॉपपर्यंत पोहोचायची शिडी आहे. तिने ग्राफिक्सचा ड्रायव्हर बंद होतो. कर्नल अद्ययावत केल्यावर /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब उघडून ती काढा आणि ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवा. ती काढायला विसरल्यामुळे नव्या कर्नलवरही एलएलव्हीएमपाइपवर रखडणारी यंत्रं सर्रास दिसतात. ‘फोर्स_प्रोब’चंही तसंच, तात्पुरतं.

६. इथे थांबा

बायोस अद्ययावत करताना मध्येच बंद पडलं आणि आता पडदा, दिवे काहीच लागत नाही: हे कंपनीच्या सेवाकेंद्राचं काम. बायोसची चिप वेगळ्या यंत्रावर पुन्हा लिहावी लागते.

डीमेसेजमध्ये ‘हार्डवेअर एरर’ किंवा ‘मशीन चेक’ च्या ओळी, किंवा मेमटेस्ट या रॅम तपासणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक जरी चूक: कर्नल बदलत बसू नका. दोष हार्डवेअरचा आहे, वॉरंटीत द्या. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या डेस्कटॉप प्रोसेसरवर कारण नसताना प्रोग्रॅम कोसळत असतील तर बायोसमध्ये मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतलं सॉफ्टवेअर) ०एक्स१२बी किंवा त्यापुढचा आहे का पाहा. जास्त व्होल्टेजने एकदा झिजलेला प्रोसेसर मायक्रोकोडने बरा होत नाही, तो बदलूनच घ्यावा लागतो.

बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल तर यंत्र लगेच बंद करा आणि चार्जर काढा.

बिटलॉकरची की नाही आणि डिस्कवर एकमेव प्रत आहे: काहीही पुसण्याआधी डेटा परत मिळवणाऱ्याकडे जा.

आणि उपाय म्हणून कोणी डीएसडीटी तक्ता (बायोसने कर्नलला दिलेली हार्डवेअरची माहिती) हाताने बदलायला सांगत असेल, तर परतीची मुदत अजून आहे का ते आधी बघा. असेल तर यंत्र परत करा. नसेल तर एलएसपीसीआय -एनएनके आणि डीमेसेजचं पूर्ण उत्तर, बायोसची आवृत्ती आणि मॉडेलचं पूर्ण नाव घेऊन डिस्ट्रोच्या बग नोंदणीत तक्रार टाका, आणि पुढचे दोन कर्नल येईपर्यंत माइक किंवा वायफायसाठी यूएसबीचं सुटं उपकरण वापरा.